काळ्या मातीतली सात मैलांची दौड

अमेरिकेत थँक्सगिव्हिंगचा सण नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येतो. त्याच्या आधीच्या शनिवारी आयोवा राज्यात, राजधानी डे मॉइनला लागून असलेल्या अर्बनडेल या उपनगरात सकाळी हजारो माणसं एका शेताच्या कडेला गोळा होतात. थंडी कडाक्याची, तोंडातून वाफा निघताहेत आणि अंगावर मात्र नाना तऱ्हेची सोंगं. कुणी पिसं लावून टर्की झालेलं असतं, कुणी काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची गाय, कुणी सिनेमातला महानायक. इशारा होतो आणि हा सगळा मेळा उतारावरून शेतात घुसतो. पुढचे सात मैल, म्हणजे साधारण सव्वाअकरा किलोमीटर, डांबरी रस्ता जवळपास नाहीच. वाटेत नांगरटीची ढेकळं, मक्याची खुंटं, घसरड्या घळी आणि गुडघाभर थंडगार पाण्याचे ओढे.

ही शर्यत जिथे होते ती जागा म्हणजे 'लिव्हिंग हिस्टरी फार्म्स' हे शेतीचं खुलं संग्रहालय. गेली अनेक दशकं ती तिथे भरते आहे. तिची नोंदणी भराभर संपते, कारण आयोवातल्या धावणाऱ्यांच्या लेखी नोव्हेंबरचा हा शनिवार वर्षातला ठरलेला दिवस असतो. धावण्याच्या शर्यती जगात उदंड आहेत, चिखलाच्याही पुष्कळ आहेत. पण जमिनीचा इतिहास सांगण्यासाठी राखलेल्या जमिनीवरच हजारोंनी धावावं, ओढ्यात उतरावं, चिखलात लोळावं, हा योग विरळा. संग्रहालयात 'हात लावू नये' अशा पाट्या वाचत वाढलेल्या माणसाला तर तो फारच मोलाचा वाटावा.

जुने स्पर्धक आधी बुटांची व्यवस्था लावतात. लेस करकचून बांधायची, मग रुपेरी रंगाची चिवट डक्ट टेप तळव्याखालून वर आणून पायाच्या पाठीवर दोन-तीन वेढे द्यायचे आणि शेवटचा वेढा घोट्याभोवती घ्यायचा. ही हौस नव्हे, गरज आहे. ओल्या मातीत पाऊल रुतलं की तळव्याखालची हवा निघून जाते. पाय वर खेचताना खाली पोकळी तयार होते आणि ती बुटाला धरून ठेवते. पाय येतो, बूट मातीतच राहतो. मागून शेकडो जण येत असताना वाकून चिखलात हात घालणं सोपं नसतं, म्हणून कितीतरी बूट दरवर्षी आयोवाच्या शेतात कायमचे जमा होतात. भाताच्या खाचरात चिखलणी केलेल्या कोकणातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. तिथे लोक बूट घालायच्या फंदातच पडत नाहीत.

या मातीचीही एक गोष्ट आहे. डे मॉइन शहर ज्या ठिकाणी वसलं आहे, तिथपर्यंत शेवटच्या हिमयुगात उत्तरेकडून बर्फाची एक प्रचंड जीभ आली होती. सुमारे 12 ते 14 हजार वर्षांपूर्वी ती मागे हटली आणि दळलेला दगड, वाळू, चिकणमाती मागे टाकून गेली. त्यावर उंच गवताची कुरणं माजली. या प्रेअरी गवतांची मुळं दोन-तीन मीटर खोल जातात. ती हजारो वर्षं वाढत, मरत, कुजत राहिली आणि त्यातून सेंद्रिय द्रव्याने गच्च भरलेली काळी माती तयार झाली. विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती वेगळ्या वाटेने काळी झाली. ती लाव्हाच्या बेसॉल्ट खडकापासून बनली आहे आणि तिचा रंग मुख्यतः खडकाची देणगी आहे. फुगणारी, चिकटणारी चिकणमाती मात्र दोन्हीकडे सापडते. म्हणून पहिल्या पावसानंतर परभणीच्या रानात चपलेला जसे मातीचे थर लागत जातात, तसेच ते अर्बनडेलच्या स्पर्धकांच्या बुटांना लागतात.

आयोवाच्या एकूण भूभागापैकी जवळजवळ 80 टक्क्यांवर, म्हणजे सुमारे 2 कोटी 80 लाख एकरांवर, एकेकाळी हे उंच गवत होतं. आज त्यातला हजारावा हिस्सादेखील शिल्लक नाही. बाकी बहुतेक सगळं मका आणि सोयाबीनखाली गेलं. एवढा मोठा बदल फार तर तीन-चार पिढ्यांच्या हयातीत झाला आणि हे संग्रहालय नेमका तोच बदल दाखवायला उभं आहे.

त्याची कल्पना विल्यम मरे यांची. ते आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीत कृषी अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. शेतजमिनीचं मोल कसं ठरवावं, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. 1958 आणि 1966 साली त्यांनी रिपब्लिकन पक्षातर्फे राज्याच्या गव्हर्नरपदाची निवडणूक लढवली आणि दोन्ही वेळा ते हरले. शेतकऱ्यांची मुलं शहरात निघाली आहेत, घोड्यांची शेती पाहिलेली पिढी संपत आली आहे, हे त्यांना दिसत होतं. 1970 साली त्यांनी या संग्रहालयाची स्थापना केली. सुमारे 500 एकरांचा परिसर, त्यात वेगवेगळ्या काळांतली शेतं आणि एक गाव.

युरोपात अशा खुल्या संग्रहालयाची सुरुवात 1891 साली स्टॉकहोमच्या 'स्कान्सेन'ने झाली. आर्तुर हाझेलियस यांनी स्वीडनच्या खेड्यांतली जुनी घरं उचलून आणून तिथे पुन्हा उभी केली होती. आपल्याकडे कोल्हापूरजवळच्या कणेरी मठातलं सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय अनेकांनी पाहिलेलं असेल. तिथले बलुतेदार, मोट हाकणारा शेतकरी, जात्यावरच्या बायका हुबेहूब आहेत, पण ते पुतळे आहेत. अर्बनडेलला माणसं खरी आहेत. त्या त्या काळाचा पोशाख घालून ती प्रत्यक्ष नांगरतात, पेरतात, मळतात, चुलीवर रांधतात आणि पाहुण्यांच्या प्रश्नांना काम करता करताच उत्तरं देतात.

सगळ्यात जुनं शेत 1700 सालचं, आयोवे या मूळनिवासी लोकांचं. त्यांच्याच नावावरून राज्याला नाव मिळालं. त्यांची शेती बायका करत. गव्याच्या खांद्याच्या हाडाचं कुदळीसारखं अवजार, झाडाच्या सालींनी मढवलेली घरं आणि एकाच उंचवट्यावर मका, घेवडा नि भोपळा. मक्याच्या ताटाला घेवड्याचा वेल चढतो, घेवड्याची मुळं जमिनीला नत्र देतात, भोपळ्याची पानं ओल धरून ठेवतात आणि तण दाबतात. कपाशीत तूर घेणाऱ्या शेतकऱ्याला यामागचा हिशोब लगेच कळेल. हे लोक आज आयोवात फारसे राहत नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात करारांमागून करार करून त्यांची जमीन काढून घेतली गेली आणि त्यांना कॅन्सस-नेब्रास्काच्या सीमेवर, पुढे काहींना ओक्लाहोमात जावं लागलं. या मातीवर पहिलं पीक कुणी काढलं, हे सांगितल्याशिवाय इथली शेतीची कहाणी पुरी होत नाही आणि संग्रहालयाने सुरुवात तिथूनच केली, हे फार बरं केलं.

पुढचं शेत 1850 सालचं. आयोवाला राज्याचा दर्जा मिळून तेव्हा चारच वर्षं झाली होती. ओंडक्यांचं एकखणी घर, लाकडाच्या फाळक्यांचं कुंपण आणि ओढकामाला बैल. प्रेअरीच्या मुळांची जाळी घट्ट होती, शिवाय लाकडी किंवा ओतीव लोखंडी नांगराला ही चिकट माती लगडायची आणि शेतकरी दर थोड्या पावलांवर थांबून फाळ खरवडत बसायचा. जॉन डिअर या लोहाराने 1837 साली शेजारच्या इलिनॉय राज्यात गुळगुळीत पोलादाचा नांगर बनवला. त्याच्यावरून माती आपोआप घसरून पडू लागली आणि मग कुरणं भराभर मोडली गेली. ज्या चिकटपणाशी शर्यतीतला धावपटू सकाळचे दोन तास झगडतो, त्याच चिकटपणाने एक आख्खी अवजारांची कंपनी जन्माला घातली.

तिथून माणूस 1900 सालच्या शेतावर येतो आणि दृश्य पालटतं. दांडगे ओढकामाचे घोडे, दुपाखी कोठार, मक्याच्या कणसांच्या कणग्या. परिसरातल्या गावाचं नाव वॉलनट हिल, काळ 1875. लोहाराचा भाता, झाडू बांधणारा कारागीर, वाणसामानाचं दुकान, छापखाना, शाळा. फ्लिन नावाच्या एका मातबर माणसाची 1870ची हवेली आणि तिचं कोठार तर मूळ जागीच उभं आहे.

1900च्या या शेतावर शरदात मका हाताने खुडला जातो. ते काम जवळून पाहण्यासारखं असतं. खुडणारा तळहातावर चामड्याचा पट्टा बांधतो, त्यावर पोलादी आकडा असतो. डाव्या हातात कणीस धरायचं, आकड्याने त्याचं वेष्टण टरकावायचं, कणीस मोडायचं आणि न पाहता मागे गाडीत भिरकावायचं. गाडीच्या पलीकडच्या बाजूला उंच फळी उभी केलेली असते. कणीस तिच्यावर आपटून आत पडतं. घोड्यांना हाकायला कुणी नसतं. ते नुसत्या हाकेवर दोन पावलं पुढे सरकतात आणि थांबतात. हात बसलेल्या माणसाच्या फळीवरचा ठोका थांबतच नाही.

या कामाची एके काळी शर्यत होत असे आणि तिचा उगम याच टापूतला. डे मॉइनहून निघणाऱ्या 'वॉलेसेस फार्मर' या शेतकी नियतकालिकाचे संपादक हेन्री वॉलेस यांनी 1920च्या दशकात मका सोलण्याच्या स्पर्धेचं आवाहन केलं. 1924 साली आंतरराज्य पातळीवरची पहिली स्पर्धा अर्बनडेल ज्या पोक काउंटीत आहे, तिथेच, ॲलमन गावाजवळ झाली. वेळ 80 मिनिटं. कणसं शेतात मागे राहिली तर वजा, सालपटं नीट निघाली नसतील तरी वजा. पुढच्या दशकात या स्पर्धांना लाखाच्या आसपास प्रेक्षक जमू लागले. कुणाच्या तरी शेतात, नोव्हेंबरच्या गारठ्यात, चिखल तुडवत. मग यंत्रांनी मका काढायला सुरुवात केली, युद्ध आलं आणि 1941नंतर त्या राष्ट्रीय स्पर्धा बंद पडल्या. वॉलेस पुढे अमेरिकेचे उपाध्यक्ष झाले. सुगी आटोपल्यावर शेतात माणसांचा लोंढा लोटावा, घाम गाळावा, आरडाओरडा व्हावा, ही आयोवाची जुनी सवय आहे. सोंगं घेऊन पळणाऱ्यांची शर्यत त्या सवयीची आजची वारस आहे, असं म्हणायला हरकत नाही.

संग्रहालयाच्या जागेने त्याहून मोठी गर्दीही पाहिली आहे. 4 ऑक्टोबर 1979 रोजी पोप जॉन पॉल दुसरे इथे आले. ट्रुरो गावच्या एका शेतकऱ्याने त्यांना हाताने पत्र लिहून बोलावलं होतं. शेतातल्या टेकडीवर झालेल्या त्या प्रार्थनेला सुमारे साडेतीन लाख लोक आले आणि पोप जमीन सांभाळण्याच्या जबाबदारीवर बोलले. राज्याच्या इतिहासात एवढा जमाव एकत्र आलेला नव्हता.

रस्ता सोडून रानातून धावण्याचा खेळ मात्र इंग्लंडमधून आला. तिथल्या निवासी शाळांत मुलं एकोणिसाव्या शतकात 'ससा आणि कुत्रे' खेळत. एक-दोघं कागदाचे कपटे टाकत पुढे पळायची, बाकीची माग काढत मागून. त्यातून क्रॉस कंट्रीची शर्यत घडली. 1912, 1920 आणि 1924च्या ऑलिंपिकमध्ये ती होती. 1924 साली पॅरिसमध्ये उन्हाचा असा कहर झाला की 38 धावपटूंपैकी फक्त 15 जणच शेवटपर्यंत पोचले. फिनलंडचा पावो नुर्मी जिंकला, पण ती शर्यत ऑलिंपिकमधून कायमची गेली. सोंग घेऊन धावण्याची चालही आज सर्वदूर पसरली आहे. फ्रान्समध्ये मेदोकच्या द्राक्षमळ्यांतून होणाऱ्या मॅरेथॉनला दरवर्षी वेशभूषेचा एक विषय ठरलेला असतो आणि मुंबई मॅरेथॉनच्या 'ड्रीम रन'मध्ये शिवाजी महाराजांच्या मावळ्यांपासून वाढत्या प्रदूषणापर्यंत कशाकशाची सोंगं निघतात, हे मुंबईकरांना माहीत आहे.

रस्त्यावर सोंग घेणं आणि ओढ्यात सोंग घेणं यात मात्र फार अंतर आहे. सुती कपडा पाणी शोषून घेतो, जड होतो आणि अंगाची ऊब ओढून घेतो. गोठणबिंदूच्या आसपासच्या हवेत भिजलेला माणूस थांबला की पाच मिनिटांत थरथरू लागतो. म्हणून जाणते स्पर्धक आतून घट्ट कृत्रिम धाग्याचे कपडे घालतात आणि सोंग वरून चढवतात, तेही असं की पाण्यात बुडालं तरी पायात येऊ नये. लांब शेपूट, घोळदार झगा, कागदी पुठ्ठ्याचा मुखवटा पहिल्या ओढ्यापर्यंतच टिकतो. पुढे सगळ्यांचं एकच सोंग होतं. टर्की, गाय आणि महानायक मातीच्या एकाच रंगात न्हालेले असतात.

वेशभूषेने आणखी एक गोष्ट साधते. सात मैल वेगात पळू शकणारे मोजके असतात, ते पुढे निघून जातात. बाकीच्यांना वेळेची फिकीर राहत नाही. घळीचा काठ निसरडा असतो, वर चढलेला माणूस मागे वळून अनोळखी माणसाला हात देतो आणि तो वर आला की तो त्याच्या मागच्याला देतो. कार्यालयातले सहकारी, चुलत भावंडं, शाळेतले शिक्षक एकसारखी सोंगं घेऊन टोळक्याने येतात आणि टोळक्यानेच पोचतात. न धावणाऱ्या माणसाला धावायला लावण्याचा याहून चांगला मार्ग क्वचितच सापडेल.

एक प्रश्न शेतकरी मनाला पडतोच. ओल्या रानात हजारो पावलं पडली तर माती दाबली जाते, ओढ्याचे काठ ढासळतात. हे खरंच आहे आणि कुठल्याही आयोजकाने ते हलकं घेऊ नये. आयोवात वेळ त्या मानाने बरी निवडलेली आहे. पीक घरात आलेलं असतं, पर्यटकांचा हंगाम ऑक्टोबरात संपलेला असतो आणि पुढे महिनोन्‌महिने जमीन गोठणार, वितळणार, पुन्हा गोठणार. त्या गोठण्या-वितळण्याने दाबलेली वरची माती पुष्कळशी मोकळी होते. शिवाय हंगाम नसताना संग्रहालयात चिटपाखरू नसतं. तेव्हा एका सकाळी हजारो लोक येतात आणि त्यांतले कितीतरी जण उन्हाळ्यात मुलाबाळांना घेऊन ते बैल, तो छापखाना पाहायला येऊ शकतात. ज्या उतारावर आपण घसरलो तिथे आता मका डोलतो आहे, हे त्यांना ओळखीचं वाटतं.

मराठी वाचकाचं या परिसराशी नातं आहे, कदाचित त्याला ठाऊक नसताना. वीणा गवाणकर यांच्या 'एक होता कार्व्हर' या पुस्तकातून घराघरांत पोचलेले कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर इथून जेमतेम तासाभराच्या आतल्या अंतरावर शिकले. आधी दक्षिणेला इंडियनोलाच्या सिम्पसन कॉलेजात, मग 1891पासून उत्तरेला एम्सच्या शेतकी महाविद्यालयात. तिथले ते पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी. एम्समध्ये ते रानावनात झाडं हुडकायला जात, तेव्हा एका सहकाऱ्याचा लहान मुलगा त्यांचं बोट धरून असे. तो मुलगा म्हणजे मका सोलण्याच्या स्पर्धा सुरू करणारे हेन्री वॉलेस. हरितक्रांतीचे जनक नॉर्मन बोरलॉगही आयोवाचेच, त्यांनी सुरू केलेला जागतिक अन्न पुरस्कार डे मॉइनमध्ये दिला जातो आणि 1998 साली तो जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांना मिळाला.

शिकागो परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे ठिकाण मोटारीने पाच-सहा तासांवर आहे. धावायचं असेल तर नोंदणी लवकर करावी आणि टेप न विसरता बांधावी. फक्त पाहायचं असेल तर उन्हाळ्यात जावं, तेव्हा सगळी शेतं चालू असतात.

आणि इथे, घरच्या अंगणात? राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चार कृषी विद्यापीठांच्या ताब्यात मोठमोठाली शेतं आहेत, जुनी अवजारं आहेत, देशी बैल आहेत, बियाण्यांचे संग्रह आहेत. तिथे शहरातली मुलं सहलीला येतात, रांगेत उभी राहतात, माहिती ऐकतात आणि परत जातात. मातीला त्यांचा पाय लागत नाही. महाराष्ट्रात धावणाऱ्यांची संख्या दरवर्षी वाढते आहे आणि डिसेंबरात खरिपाची सुगी आटोपल्यावर कितीतरी जिरायती रानं मोकळी असतात. यातल्या एखाद्या विद्यापीठाने येत्या थंडीतला एक रविवार राखून ठेवावा, बांधावरून, ओढ्यातून, ज्वारीच्या धसकटांतून पाच किलोमीटरची वाट आखावी, मुलांना बुजगावणं, नंदीबैल, वासुदेव होऊन यायला सांगावं आणि वाटेत जागोजागी जुनी मोट, पाभर, तिफण चालवून दाखवणारी जाणती माणसं उभी करावीत. पायाची माती घरी घेऊन जाणारी मुलं पुढच्या वर्षी आई-बापांना घेऊन येतील.